चक तेरा एमएमचा, पण मान कितीची?

जुनं ड्रिल मशीन जळतं, स्टँड मात्र ठणठणीत असतं. मग दुकानात जाऊन मागणी होते, "तेरा एमएमचं मशीन द्या, आधीचं तेवढंच होतं." पहिला गैरसमज इथलाच. 10 किंवा 13 मिमी हे चकात मावणाऱ्या बिटाचं माप आहे. सुतार-फिटर ज्याला तीन सूत, चार सूत म्हणतात, साधारण तेच. स्टँडला त्याच्याशी देणंघेणं नाही. ते मशीनला चकामागच्या गोल कॉलरवर, म्हणजे मानेवर धरतं. आज बऱ्याच मशीनची ही मान 43 मिमीची असते. युरोपात रूढ झालेलं हे माप आहे. जुनी स्टँडं 38 मिमीचीही सापडतात, आणि काही तर एकाच कंपनीच्या एकाच मॉडेलसाठी ओतलेली. तेव्हा दुकानात व्हर्नियर घेऊन जावं, साइड हँडल काढायला लावावं आणि त्याखालची मान मोजावी. व्यासाबरोबर लांबीही बघावी. मान आखूड आणि स्टँडचा जबडा रुंद असेल, तर जबडा गिअरच्या घरावर चढतो.

माप जुळलं नाही तर पत्रा किंवा सायकलची ट्यूब गुंडाळायची, हा आपल्याकडचा लाडका उपाय. ट्यूब दबते, लिव्हर ओढला की आधी मशीन मागे रेलतं, मग बिट उतरतं. पत्र्याचा जोड जिथे येतो तिथे जाडी दुप्पट होते आणि मान एका अंगाला सरकते. खरा उपाय लेथवरचा बुश. 43 च्या जबड्यात 38 ची मान बसवायची तर अडीच मिमी जाडीची ॲल्युमिनियमची कडी लागते, एका बाजूने उभी चिरलेली. चीर नसेल तर बोल्ट कितीही आवळा, कडी मानेला धरणारच नाही.

उलट प्रकरण, म्हणजे जबडा लहान आणि मान मोठी, जास्त नाजूक असतं. "फाइल मारून मोठा करू" असं म्हणणारे भेटतात. हाताने गोल भोक गोल राहत नाही. टर्नरकडून बोअर करून घेता येतं, पण जुना जबडा बहुधा बिडाचा असतो. बीड दाब सोसतं, ताण सोसत नाही. भिंत पातळ झाली की बोल्ट आवळताना टचकन तडा जातो. नव्या मशीनचं अंग प्लास्टिकचं असलं, तर "जितकं घट्ट तितकं पक्कं" हेही खोटंच.

स्टँडला लावलं म्हणजे भोक गुण्यात, हा सगळ्यात पक्का गैरसमज. तपासायला एक जाड तार पुरते. ती वाकवून चकात धरा, टोक टेबलाला जेमतेम लागेल असं ठेवा, आणि प्लग काढून चक हाताने फिरवा. टोक पुढे घासतं आणि मागे मिलीमीटरभर अधांतरी राहतं, तर मशीन झुकलेलं आहे. फिरणाऱ्या वर्तुळाचा व्यास 200 मिमी असेल, तर 40 मिमी खोल भोक 0.2 मिमी भरकटेल. लाकडाला चालेल, बेअरिंगच्या घराला नाही. खांबाच्या बुडाशी पातळ पत्र्याची शिम सरकवून हे काढता येतं. चकच डुलत असेल तर मात्र स्टँड काही करू शकत नाही; तो दोष मशीनच्या बेअरिंगचा किंवा चकाचा.

"हॅमरवालं घ्या, दमदार असतं" हा दुकानदाराचा सल्लाही तपासून घ्यावा. इम्पॅक्ट ड्रिलचा हॅमर बंद ठेवून काम होतं. पण भिंती फोडणाऱ्या रोटरी हॅमरमध्ये बिट पुढेमागे खेळावं अशीच रचना असते, आणि अडॅप्टरवर बसवलेला साधा चक त्यात डुलतो. बॅटरीच्या मशीनला तर बहुतेकदा मानच नसते. तिथे टॉर्कची फिरती रिंग असते.

उरतो वेग. 12 मिमी बिटाने साध्या लोखंडात भोक पाडायला मिनिटाला साधारण 650 फेरे हवेत. लहान इम्पॅक्ट मशीन मोकळं सोडलं तर तीन हजारांच्या आसपास फिरतं. रेग्युलेटरने वेग उतरवला की ताकद उतरते, पंखाही मंदावतो आणि मोटर तापते. मोठं भोक लहान बिटाने आधी पाडून घेतलेलं बरं, आणि रोजच मोठी भोकं पाडायची असतील तर दोन गिअरचं मशीन.

स्टँडवर बटण लॉक करून ठेवायची सवय सगळ्यांना असते. काम वाइसमध्ये आवळलेलं नसेल, तर आरपार निघताना बिट ते पकडून फिरवतं, आणि बंद करायचं बटण त्या फिरत्या कामाच्या वरच असतं. वायरीवर पायाचा स्विच बसवून घ्यावा.