रुब अल खालीतली माघार

रुब अल खाली या वाळूच्या अफाट वाळवंटाचा मोठा भाग सौदी अरेबियात येतो. ध्रुवीय मोहिमेत बर्फ, इथे वाळू. मोहिमेच्या म्होरक्यापुढचा हिशेब मात्र एकच, शिधा-पाणी किती उरले आणि वाट किती. ब्रिटिश प्रवासी बर्ट्रम टॉमस यांनी १९३०-३१ मध्ये हे वाळवंट दक्षिणोत्तर पार केले. दुसरे ब्रिटिश प्रवासी सेंट जॉन फिल्बी यांना ते पूर्वेकडून पश्चिमेकडे ओलांडायचे होते. १९३२च्या जानेवारीत ते हुफूफहून निघाले. वाळवंटातल्या शन्ना विहिरीपासून पश्चिमेकडच्या सुलय्यिलपर्यंतच्या सुमारे ६०० किलोमीटरच्या टप्प्यात पाणी नव्हते. पहिल्या खेपेला ओझ्याचे उंट थकले, बदू सोबती अडून बसले आणि फिल्बींना नाइलाजाने मागे फिरावे लागले.

ध्रुवीय मोहिमेचे म्होरके शॅकल्टन हेही १९०९ मध्ये दक्षिण ध्रुव जेमतेम १८० किलोमीटरवर असताना परतले, पण तो निर्णय त्यांचा स्वतःचा होता. फिल्बींना शहाणपण सोबत्यांनी शिकवले, असेच म्हणावे लागते. उंटांचा दम सोबत्यांनाच अधिक कळत होता. मग जड सामान आणि बरीच माणसे माघारी धाडली गेली. निवडक सोबती आणि बळकट उंट घेऊन फिल्बी पुन्हा निघाले आणि मार्चमध्ये सुलय्यिलला पोहोचले.