शाळामास्तरांनी घडवलेलं कराटे

टोकियोच्या सुइदोबाता भागात मेइसेइ-जुकू नावाचं एक वसतिगृह होतं, ओकिनावाहून शिकायला आलेल्या मुलांसाठीचं. 1922 साली टोकियोत आलेले, पन्नाशी ओलांडलेले एक गृहस्थ तिथे राहू लागले. राहण्याची सोय व्हावी म्हणून ते वसतिगृहाची राखण करायचे, खोल्या झाडायचे, बाग बघायचे. मुलांना व्याख्यानाचं दालन लागत नसेल त्या वेळी तिथेच कराटे शिकवायचे. हे गिचिन फुनाकोशी, आज जगभर पसरलेल्या शोतोकान शैलीचे प्रवर्तक. ओकिनावात त्यांनी तीस वर्षं शाळामास्तरकी केली होती. शिक्षण मंत्रालयाने भरवलेल्या शारीरिक शिक्षणाच्या प्रदर्शनात कराटे दाखवायला म्हणून ते राजधानीत आले. ज्यूदोचे जनक जिगोरो कानो यांनी त्यांना आपल्या कोदोकान या ज्यूदोच्या शाळेत प्रात्यक्षिकासाठी बोलावलं, आणि पुढे फुनाकोशी टोकियोतच राहिले.

कराटे म्हटलं की आपण ठोशांबद्दल आणि फुटणाऱ्या विटांबद्दल बोलतो. ही विद्या आज ज्या रूपात आपल्यापर्यंत पोहोचली आहे ते रूप दिलं कोणी, हे मात्र क्वचितच विचारतो. ते दिलं शाळेत शिकवणाऱ्या माणसांनी. म्हणूनच पारंपरिक कराटेच्या सरावात समोरच्याला पाडण्यापेक्षा स्वतःला घडवण्यावर अधिक वेळ जातो.

फुनाकोशींचे एक गुरू आन्को इतोसु. ओकिनावा हे र्‍युक्यू राज्याचं मुख्य बेट. जपानने 1879 मध्ये ते राज्य खालसा केलं. तोवर आणि त्यानंतरही बरीच वर्षं ही विद्या रात्री, घराच्या आवारात, मोजक्या शिष्यांना दिली जाई. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इतोसुंनी ती दिवसाढवळ्या शाळेत आणली. ठरलेल्या क्रमाने करायच्या हालचालींचा संच म्हणजे काता. शाळकरी मुलांना झेपतील अशा पाच काता त्यांनी बसवल्या. 1908 मध्ये दहा मुद्द्यांचं पत्र लिहून त्यांनी आग्रह धरला, की लहान वयापासून हे शिकवावं, आधी शिक्षक तयार करावेत आणि मग त्यांच्या हातून ते शाळाशाळांत पोहोचवावं.

दुसरे गुरू आन्को असातो. फुनाकोशी दिवसा शाळेत शिकवत आणि रात्री कंदील घेऊन असातोंच्या घरी जात. शिष्याने अंगणात तीच काता करत राहायची, गुरूंनी ओसरीवर बसून पाहायची. समाधान झालं नाही की पुन्हा पहिल्यापासून. एक पक्की झाल्याशिवाय पुढची नाही. आज तेक्की म्हणून ओळखल्या जाणाऱ्या तीन काता शिकण्यात दहा वर्षं गेल्याचं फुनाकोशींनी नोंदवून ठेवलं आहे. लहानपणी ते अशक्त होते. त्याच माणसाचा सराव वयाची ऐंशी गाठली तरी चालू होता.

एवढी वर्षं का लागतात, हे समजायला एक ठोसा पुरतो. ग्याकु-झुकी घ्या. डावा पाय पुढे, ठोसा उजव्या हाताचा. पुढचा गुडघा वाकलेला, मागचा पाय ताठ, दोन पावलांत कमरेइतकी रुंदी, मागची टाच जमिनीला घट्ट. उजवी मूठ बरगडीशी, उताणी. सुरुवात हाताने करायचीच नाही. मागची टाच जमीन रेटते, त्या रेट्याने कंबर वळते, कंबरेमागून खांदा येतो, कोपर बरगडीला घासत सुटतं आणि अगदी शेवटी मनगट वळून मूठ पालथी होते. लागायची ती तर्जनी आणि मधल्या बोटाच्या मुळाची हाडं. त्याच वेळी डावा हात तितक्याच वेगाने कमरेशी परत आलेला हवा. टाच उचलली गेली की जोर मुळातच निघत नाही. खांदा चढला की निघालेला जोर वाटेत अडतो. आणि खांदा चढतो तो बहुतेक वेळा घाईने, रागाने किंवा कोणीतरी बघतंय या जाणिवेने. सेन्सेई, म्हणजे शिक्षक, रांगेतून फिरत येतात, चढलेल्या खांद्यावर दोन बोटं ठेवतात आणि पुढे जातात. पुढचा ठोसा मारण्याआधी विद्यार्थ्याला श्वास सोडावा लागतो, मन जागेवर आणावं लागतं. स्वभावावर काम होतं ते असं, प्रवचनाशिवाय.

कातेत हेच पुढे जातं. इतोसुंच्या पाच कातांना फुनाकोशींनी हेइआन हे नाव दिलं. त्यातल्या हेइआन शोदानमध्ये 21 हालचाली आहेत. पुरती मिनिटभराचीही नाही. पहिली हालचाल डावीकडे वळून खालून येणारा वार अडवण्याची. पाचही हेइआन काता अशा बचावानेच सुरू होतात. शेवट झाला की पाऊल निघालं त्याच जागी परत यायला हवं. दोन वीत बाजूला आलात, तर कुठेतरी पाऊल आखूड पडलं किंवा वळण चुकलं, हे कोणी सांगावं लागत नाही. नावाजलेला गायकही पहाटे खर्ज लावून बसतो, तसे वरच्या दर्जाचे ब्लॅक बेल्टही ही पहिली काता करत राहतात.

जोडीने करायच्या कुमितेत खरी परीक्षा होते. सुरुवातीच्या गोहोन कुमितेत हल्ला करणारा कुठे मारणार हे आधी मोठ्याने सांगतो आणि पाच पावलं पुढे येत पाच वार घालतो. समोरच्याने मागे सरत पाच वेळा अडवायचं आणि शेवटी एकच उलट ठोसा मारायचा. हल्ला खरा हवा. दया म्हणून बाजूला मारलं, तर जोडीदार काहीच शिकत नाही. उलट ठोसाही पूर्ण वेगाने सुटायला हवा आणि कातडीच्या अलीकडे थांबायला हवा. ज्याला थांबता येत नाही, त्याला ठोसा अजून आलेला नाही, असंच मानतात. अंगात ताकद आल्यावर ती कुठे आवरायची, हे शिकवण्याची इतकी थेट रीत मला दुसरी माहीत नाही.

या आवरण्याला फुनाकोशींनी सगळ्यात वरचं स्थान दिलं. आपल्या वीस सूत्रांत त्यांनी नमस्काराला, म्हणजे समोरच्याविषयीच्या आदराला पहिली जागा दिली. आपण होऊन पहिला वार करू नये, ही त्यांची शिकवण कामाकुराच्या एंगाकु-जी मंदिरातल्या त्यांच्या स्मारकावर कोरलेली आहे. ते स्मारक 1968 मध्ये उभं राहिलं. अनेक दोजोंमध्ये, म्हणजे सरावाच्या जागांत, रोज तासाअखेर चारित्र्य, सचोटी, जिद्द, आदब आणि आततायीपणाला आवर या पाच गोष्टींचा एकत्र उच्चार होतो. कित्येक ठिकाणी नंतर विद्यार्थीच ओल्या फडक्याने जमीन पुसून काढतात. त्यातून ब्लॅक बेल्टवाल्यांचीही सुटका नसते.

फुनाकोशी एप्रिल 1957 मध्ये गेले आणि त्याच वर्षी जपान कराटे असोसिएशनची पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली. मुक्त लढतींकडे त्यांचा ओढा कधीच नव्हता. तरीही स्पर्धांनी कराटे जगभर नेलं, हे मान्य करायला हवं. 2021 मध्ये पार पडलेल्या टोकियो ऑलिंपिकमध्ये ओकिनावाच्याच र्‍यो कियुना यांनी काता प्रकारात सुवर्णपदक जिंकलं. पदक घेताना त्यांच्या हातात दिवंगत आईचा फोटो होता. त्यांच्या प्रत्येक वळणात तळपाय जमिनीला असे बसत होते, की त्यामागची वर्षं दिसत होती.

आपल्याकडेही पुणे-मुंबईपासून तालुक्याच्या गावापर्यंत शाळांच्या मैदानांवर आणि सोसायट्यांच्या गच्च्यांवर क्लास चालतात. काही ठिकाणी दर काही महिन्यांनी परीक्षा, फी आणि नवा रंग, एवढंच कराटे उरतं. ओकिनावातल्या जुन्या गुरूंकडे बेल्टच नव्हते. फुनाकोशींनी ब्लॅक बेल्ट देणं सुरू केलं ते 1924 मध्ये, कानोंच्या ज्यूदोतली पद्धत घेऊन. बेल्ट वाईट नाही. मुलाला तो हवासा वाटतो, आणि त्या ओढीने ते मूल पहाटे उठतही असेल. पण रंग बदलला आणि टाच अजून सुटतेच आहे, तर पालकांचे पैसे आणि मुलाचा वेळ दोन्ही वाया गेले.

म्हणून क्लास शोधताना आधी एक तास कडेला बसून पाहावं. भिंतीवरचे चषक मोजू नयेत. जुना, दणकट विद्यार्थी नवख्यासमोर उभा राहिल्यावर कसा वागतो, ते पाहावं. वार खरा घालूनही तो मूठ वेळेवर थांबवतो का? शिक्षक वाकून मुलाचं पाऊल हाताने सरळ करतात, की लांबून नुसते ओरडतात? महिनाभर तीच काता करायला लावण्याची हिंमत त्यांच्यात आहे का? असा वर्ग सापडला तर फी भरून टाकावी, आणि जमलं तर मुलाशेजारी आपणही रांगेत उभं राहावं.