दुष्काळी मुलखातील वल्हेकरी

रोइंग, म्हणजे वल्ह्यांनी नौका पळवण्याची शर्यत, हा खेळ नदीकाठच्या किंवा किनारपट्टीवरच्या मुलांचा असावा, असा समज सहज होतो. परंतु सीकरचे बजरंगलाल ताखर (२००८), पंजाबातील मानसा जिल्ह्याचे स्वर्ण सिंह (२०१२) आणि नाशिक जिल्ह्यातील दत्तू भोकनळ (२०१६) या ऑलिम्पिकपटूंकडे पाहिले, तर तिघेही पाण्याच्या नव्हे, सैन्याच्या वाटेने नौकेपर्यंत पोहोचले, हे लक्षात येते. मराठवाड्यातील लातूर-नांदेडसारख्या दुष्काळी भागाच्या दृष्टीने भोकनळ यांची कारकीर्द म्हणूनच महत्त्वाची ठरते.

चांदवड या अवर्षणग्रस्त तालुक्यातील तळेगाव रोही येथे १९९१ साली जन्मलेले भोकनळ वडिलांबरोबर विहिरी खोदण्याच्या कामाला जात असत. वडिलांच्या निधनानंतर, २०१२ साली, ते सैन्याच्या बॉम्बे सॅपर्समध्ये भरती झाले आणि त्यांची चांगली उंची प्रशिक्षकांच्या नजरेत भरल्याने पुण्यातील सैन्याच्या रोइंग केंद्रात त्यांनी प्रथमच वल्हे हाती धरले.

एकेरी स्कल्स या प्रकारात खेळाडू दोन्ही हातांत एकेक वल्हे घेऊन, सुमारे आठ मीटर लांबीच्या निमुळत्या नौकेत, अंतिम रेषेकडे पाठ करून बसतो. बैठक रुळांवर पुढेमागे सरकत असल्यामुळे वल्हे पाण्यात बुडताच आधी पाय रेटा देतात, मग पाठ मागे जाते आणि शेवटी हात ओढतात. त्यामुळे २००० मीटरचे अंतर सुमारे सात मिनिटांत कापताना दंडांपेक्षा मांड्यांचा आणि दमसासाचाच अधिक कस लागतो.

दुष्काळामुळे मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी पोहोचवावे लागले, त्याच एप्रिल २०१६ मध्ये दक्षिण कोरियातील चुंगजू येथील पात्रता स्पर्धेत रौप्यपदक मिळवून भोकनळ यांनी रिओ ऑलिम्पिकचे तिकीट मिळवले. तेथे त्यांचा क्रमांक तेरावा लागला. पहिल्या बारा क्रमांकांचा निर्णय ‘अ’ आणि ‘ब’ अंतिम शर्यतींत होत असल्याने तेरावा क्रमांक म्हणजे ‘क’ अंतिम शर्यतीतील विजय होय. पुढे २०१८ च्या आशियाई स्पर्धेत एकेरीतील पदक हुकल्यानंतर दुसऱ्याच दिवशी स्वर्ण सिंह, ओम प्रकाश व सुखमीत सिंह यांच्यासह त्यांनी चौघांच्या स्कल्समध्ये सुवर्णपदक पटकावले, आणि २०२० साली त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला.

नांदेडजवळ विष्णुपुरी प्रकल्पाचा विस्तीर्ण जलाशय आहे, परंतु केवळ पाण्याने वल्हेकरी घडत नाही. महागडी नौका, जाणकार प्रशिक्षक, भरपूर आहार आणि सरावाच्या काळातही सुरू राहणारा पगार या चार गोष्टी भोकनळ यांना सैन्याने पुरवल्या, आणि त्या नागरी संस्था पुरवू लागेपर्यंत मराठवाड्यातील मुलांनाही या खेळाची वाट बहुधा सैन्यभरतीच्या मैदानावरूनच गाठावी लागेल.