सरासरीत हरवलेली झोप

मुंबईत उतरणारे विमान घाटकोपर-कुर्ल्याच्या वस्त्यांवरून जाताना अगदी डोक्यावर आल्यासारखे वाटते. तो भास नसतो. विमान साधारण 3 अंशांच्या उताराने धावपट्टीकडे येते. म्हणजे टेकण्याच्या जागेपासून 3 किलोमीटरवर त्याची उंची जेमतेम 160 मीटर उरते. टेकडीवरच्या घरांना तर ते आणखी जवळ असते. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते. 2018च्या डिसेंबरमध्ये या विमानतळावर 24 तासांत 1,000हून अधिक उड्डाणे आणि अवतरणे झाली. एवढी विमाने ज्यांच्या छपरावरून जातात, त्यांच्या शरीराचे काय होते?

आधी आवाज येतो कुठून ते पाहू. जेट इंजिनातून वेगाने सुटणारा झोत भोवतालच्या हवेत मिसळताना खळबळ उडते आणि त्यातून गर्जना निर्माण होते. ब्रिटिश गणितज्ञ जेम्स लाइटहिल यांनी 1952मध्ये दाखवून दिले की, या आवाजाची शक्ती झोताच्या वेगाच्या आठव्या घातानुसार वाढते. वेग निम्मा केला की ती थेट 256 पटींनी घटते. म्हणूनच नव्या इंजिनांचे पंखे मोठे असतात. ते जास्त हवा कमी वेगाने मागे ढकलतात.

उड्डाणाचा आवाज त्यामुळे बराच कमी झाला. उतरताना मात्र इंजिनाची शक्ती आधीच कमी केलेली असते. तेव्हा बाहेर आलेली चाके आणि पंखांच्या उघडलेल्या झडपा यांच्यावर आपटणाऱ्या हवेचा आवाजही मोठा असतो. इंजिन कितीही सुधारले तरी हा आवाज राहतोच.

आता मोजमापाकडे वळू. डेसिबलची पट्टी लघुगणकीय (लॉगरिदमिक) आहे. 10 डेसिबल वाढले की ध्वनिऊर्जा दहापट होते. आपल्याकडे निवासी भागासाठी रात्री 10 ते सकाळी 6 या वेळेत 45 डेसिबलची मर्यादा आहे. गजबजलेल्या विमानतळांच्या ध्वनिक्षेत्रासाठी मात्र 2018च्या अधिसूचनेने ती 65 ठरवली. ऊर्जेच्या हिशेबात ही शंभरपट सूट झाली.

शिवाय ही मर्यादा सरासरीची आहे. समजा, रात्रीच्या आठ तासांत 30 विमाने गेली, प्रत्येकाचा आवाज 30 सेकंद 80 डेसिबल राहिला आणि उरलेली रात्र पूर्ण शांत होती. गणित केले तर सरासरी 65च्या किंचित खालीच येते. कागदावर नियम पाळला गेला, घरात मात्र झोप तीस वेळा हादरली.

तीस हा आकडा महत्त्वाचा आहे. जर्मनीतील माइन्झच्या संशोधकांनी 2013मध्ये 75 निरोगी तरुण स्वयंसेवकांना त्यांच्याच घरी, झोपेत विमानांचे ध्वनिमुद्रण ऐकवले. काही रात्री 30 वेळा, काही रात्री 60 वेळा. सकाळी तपासले तेव्हा रक्तवाहिन्यांची प्रसरण पावण्याची क्षमता घटलेली आढळली, तीही एकाच रात्रीत. माणूस पूर्ण जागा झाला नाही तरी मेंदू आवाजाला धोका समजतो, ताणाची संप्रेरके स्रवतात आणि हृदयाचे ठोके वाढतात. हे वर्षानुवर्षे चालले की उच्च रक्तदाबाची शक्यता वाढते, असे युरोपातील मोठ्या विमानतळांभोवतीच्या अभ्यासांत दिसले आहे.

मुलांवरचा परिणाम म्युनिकमध्ये स्पष्ट झाला. 1992मध्ये तिथला जुना विमानतळ बंद होऊन नवा सुरू झाला. संशोधकांनी दोन्हीकडच्या शाळकरी मुलांची स्थलांतरापूर्वी आणि नंतर चाचणी घेतली. जुन्या विमानतळाजवळच्या मुलांचे वाचन आणि स्मरण सुधारले, नव्याजवळच्या मुलांचे खालावले. म्हणजे नुकसान खरे आहे, आणि आवाज थांबला तर ते भरूनही निघू शकते.

फ्रँकफर्टमध्ये रात्री 11 ते पहाटे 5 नियोजित उड्डाणांना बंदी आहे. युरोपात सकाळी पोहोचायचे तर मुंबईहून विमान मध्यरात्रीनंतर सुटते. तिकडची रात्र कायद्याने राखलेली असते, आपली रात्र वेळापत्रकात खर्ची पडते. युरोपातील अनेक घरांना दुहेरी काचा असतात. आपल्या उकाड्यात खिडक्या उघड्याच राहतात आणि उघडी खिडकी जेमतेम 10 ते 15 डेसिबल आवाज अडवते.

म्हणून केवळ सरासरीवर समाधान मानता येणार नाही. कोणत्या वस्तीवरून रात्री किती विमाने गेली आणि प्रत्येकाचा कमाल आवाज किती होता, हे वस्तीनिहाय जाहीर व्हायला हवे. नवी मुंबईच्या विमानतळाचे उद्घाटन ऑक्टोबर 2025मध्ये झाले असून उलवे-पनवेल परिसरात इमारती वेगाने उठत आहेत. तिथली वाहतूक पूर्ण वाढण्याआधीच आवाजाची मूळ पातळी नोंदवावी आणि उड्डाणमार्गाखाली शाळा, रुग्णालयांना परवानगी देऊ नये. घर घेणाऱ्यांनीही मजला आणि दर विचारताना उड्डाणमार्ग कुठून जातो हे विचारावे. मुंबईत वस्ती आणि धावपट्टी एकमेकींना भिडल्या आहेत. नव्या मुंबईत ते टाळण्याची संधी अजून हातात आहे.