मनाच्या शास्त्राची पदवी

पेडणे किंवा डिचोलीहून पणजीस गेलेल्या माणसाच्या दृष्टीस मांडवीच्या काठी, जुन्या सचिवालयाच्या बाजूस, ब्राँझचा एक पुतळा पडतो. झगा घातलेला एक पाद्री हात पुढे पसरून उभा आहे आणि त्याच्यासमोर एक स्त्री निद्रावश होऊन मागे कलली आहे. नवख्यास तो कोणी जादूगार वाटतो. वस्तुतः तो पुतळा आबे फारिया यांचा होय. रामचंद्र पांडुरंग कामत या गोमंतकीय शिल्पकाराने तो घडविला आणि १९४५ साली तो उभा राहिला.

आबे फारिया यांचा जन्म १७५६ साली बार्देशातील कांदोळी गावी झाला. १७७१ साली ते वडिलांबरोबर लिस्बनला गेले व पुढे रोम आणि पॅरिस येथे राहिले. त्या काळी युरोपात मेस्मर या वैद्याच्या मताचा मोठा बोलबाला होता. मेस्मरच्या शरीरातून एक अदृश्य चुंबकीय प्रवाह निघतो व तो रोग्यास निद्रा आणतो, असे लोक मानीत. १८१३ साली फारिया यांनी पॅरिसमध्ये जाहीर प्रयोग आरंभिले आणि निराळेच सांगितले. निद्रा आणणाऱ्याच्या अंगी कोणतीही शक्ती नाही. जे घडते ते निद्रा घेणाऱ्याच्याच मनात घडते, असे त्यांचे प्रतिपादन होते. १८१९ साली त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला आणि त्याच वर्षी त्यांचे निधन झाले. प्रयोग करणाऱ्यानेच स्वतःचे माहात्म्य कमी करून सांगावे, ही गोष्ट विरळा. मानसशास्त्राचा पदवी-अभ्यास विद्यार्थ्यास जे शिकवू पाहतो, त्याचे बीज याच वृत्तीत आहे.

बारावी झालेला मुलगा किंवा मुलगी ‘मला मानसशास्त्र घ्यावयाचे आहे’ असे घरी सांगते, तेव्हा दोन समजुती पुढे येतात. एक, हे शास्त्र शिकलेला मनुष्य दुसऱ्याच्या मनातले ओळखतो. आणि दुसरी, ते वेड्यांच्या इस्पितळापुरते आहे. दोन्ही समजुती चुकीच्या आहेत. मानसशास्त्र हे माणसाच्या वर्तनाचा व अनुभवाचा पद्धतशीर अभ्यास करते. आपण कसे पाहतो, कसे शिकतो, का विसरतो, मूल कसे वाढते, समूहात मनुष्य निराळा का वागतो, भीती कशी जडते व कशी सुटते, हे त्याचे प्रश्न आहेत. मनोविकार हा त्यातील एक भाग आहे, संपूर्ण विषय नव्हे.

या शास्त्राचे वयही फार नाही. जर्मनीत लाइपझिग येथे विल्हेल्म वुंट यांनी १८७९ साली प्रयोगशाळा काढली, तेथून त्याचा स्वतंत्र इतिहास मोजतात. आपल्या देशात कलकत्ता विद्यापीठात १९१५ साली प्रयोगशाळा व १९१६ साली स्वतंत्र विभाग सुरू झाला. गोमंतकात १९६१ च्या मुक्तीनंतर, १९६२ पासून पदवी महाविद्यालये निघाली. ती प्रथम मुंबई विद्यापीठास जोडलेली होती. १९८५ साली गोवा विद्यापीठ स्थापन झाले. २०२३-२४ पासून तेथे नवी रचना आली असून तीन वर्षांनी पदवी घेता येते, अथवा चौथे वर्ष पुरे करून ऑनर्स मिळविता येते.

वर्गात प्रत्यक्ष काय घडते, ते एका उदाहरणावरून पाहू. स्मृतीचा प्रयोग करताना विद्यार्थी अर्थहीन अक्षरांची यादी पाठ करतो आणि ठराविक वेळाने किती आठवते ते मोजतो. हर्मान एबिंगहाउस यांनी स्वतःवरच असे प्रयोग करून १८८५ साली विस्मरणाचा क्रम मांडला: विसरणे आरंभी झपाट्याने होते, नंतर मंदावते. पुढे इंग्लंडात फ्रेडरिक बार्टलेट यांनी १९३२ च्या ग्रंथात दाखविले की, अर्थपूर्ण गोष्ट आठवताना मनुष्य ती जशीच्या तशी बाहेर काढीत नाही. आपल्या ओळखीच्या साच्यात ती पुन्हा रचतो. पेडण्यातील विद्यार्थ्यास हे समजावयास दूर जावे लागत नाही. जत्रेच्या रात्री दशावतारी नट लिखित संहितेवाचून उभा राहतो. कथेचा सांगाडा ठरलेला असतो, संवाद मात्र त्या त्या वेळी रचले जातात. आठवण आणि रचना एकमेकींत कशा मिसळतात, याचा धडा त्याने लहानपणीच डोळ्यांनी पाहिलेला असतो. प्रयोगशाळा त्यास मोजमापाची शिस्त लावते, एवढाच फरक.

या मोजमापाच्या शिस्तीमुळेच अनेक विद्यार्थी गांगरतात. आकडेमोडीतून सुटका व्हावी म्हणून कला शाखा घेतली, तर येथे संख्याशास्त्र पुढे उभे! परंतु त्यावाचून या शास्त्राचे पाऊल पुढे पडत नाही. ‘अमक्याने अमके केले आणि त्याला बरे वाटले’ असे गावोगाव ऐकू येते. बरे वाटले हे खरे असेल; पण त्यामुळेच वाटले, हे कशावरून?

याचे उत्तर कसे शोधतात, याचा एक उत्तम दाखला गोव्यातच घडला. १९९६ साली येथे स्थापन झालेल्या ‘संगाथ’ या संस्थेच्या संशोधकांनी प्राथमिक आरोग्य केंद्रांत येणाऱ्या, तीव्र औदासीन्याने ग्रासलेल्या ४९५ प्रौढांचा अभ्यास केला. त्याचे निष्कर्ष २०१७ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आले. रुग्णांचे चिठ्ठ्या टाकावयाच्या तत्त्वाने दोन गट पाडले. दोन्ही गटांस केंद्रातील नेहमीची काळजी सुधारून मिळाली. एका गटास त्याखेरीज सहा ते आठ बैठकांत समुपदेशन मिळाले. सोडून दिलेली कामे, छंद, माणसांत मिसळणे हे पायरीपायरीने पुन्हा सुरू करावयास साह्य करणे, हे त्याचे सूत्र होते. तीन महिन्यांनी समुपदेशन घेतलेल्यांपैकी ६४ टक्के लोक आजारातून बाहेर आले होते. दुसऱ्या गटात हे प्रमाण ३९ टक्के होते.

या दोन आकड्यांत दुसरा अधिक बोलका आहे. समुपदेशन न घेताही शंभरांतील एकोणचाळीस सावरले. तुलनेचा गट नसता, तर चौसष्टांचे श्रेय समुपदेशकांनी सहज घेतले असते. खरे श्रेय पंचविसांचे आहे. आपल्या कामाचे माप असे स्वतःच्या विरुद्ध जाऊनही घ्यावयाचे असते, ही गोष्ट पदवीच्या तीन-चार वर्षांत अंगी बाणली तर अभ्यास सार्थकी लागला.

याच प्रयोगात पालकांनी लक्षात घ्यावी अशी आणखी एक बाब आहे. ते समुपदेशक मानसोपचाराचे पदवीधर तज्ज्ञ नव्हते. त्यांना या कामाचे खास शिक्षण दिलेले होते व त्यांच्या कामावर देखरेख होती. तेव्हा शिक्षण व देखरेख असेल तर साधी माणसेही मोठे काम करू शकतात. आणि ती नसेल तर केवळ पदवीच्या कागदावर कोणाच्या दुःखास हात घालण्याचा अधिकार येत नाही. बी. ए. झालेला विद्यार्थी चिकित्सक-मानसशास्त्रज्ञ होत नाही. त्यासाठी पदव्युत्तर शिक्षण, त्यापुढे मान्यताप्राप्त प्रशिक्षण आणि शासकीय नोंदणी असा लांबचा मार्ग आहे. औषध देणारा मानसोपचारतज्ज्ञ तर वैद्यकीय पदवीधरच असतो. १९८० साली स्थापन झालेल्या व आता बांबोळीस असलेल्या मनोरुग्णालयात ही दोन्ही कामे शेजारी शेजारी चालतात.

डिचोली तालुक्यातील खाणी २०१२ साली व पुन्हा २०१८ साली बंद पडल्या, तेव्हा अनेक घरांची मिळकत एकाएकी थांबली. अशा घरातील मुलीस ‘तीन वर्षांनी नोकरी’ म्हणून हा विषय सुचविणे अन्यायाचे होईल. पुढील शिक्षणाचा खर्च व काळ आधीच मोजला पाहिजे. ती वाट झेपणार नसेल, तर शिक्षकी, समाजकार्य, बालविकास, कर्मचारी-व्यवस्थापन या क्षेत्रांत या पदवीचा उपयोग होतो, हेही सांगितले पाहिजे. विर्नोडा व साखळी येथे सरकारी महाविद्यालये जवळ आहेत. मात्र हवे त्या महाविद्यालयात हा विषय मुख्य म्हणून मिळतो की दुय्यम, आणि प्रात्यक्षिके होतात की नाहीत, हे प्रवेशापूर्वी विचारावे.

राहिला भाषेचा प्रश्न. या दोन तालुक्यांतील पुष्कळ मुले मराठी प्राथमिक शाळांतून येतात व महाविद्यालयात इंग्रजी ग्रंथांपुढे बिचकतात. अवधान, संवेदन, प्रबलन हे मराठी शब्द इंग्रजी संज्ञेशेजारी वहीत लिहून ठेवले, तर पहिले वर्ष सुसह्य होते. पुढे हीच मुले इतरांहून सरस ठरू शकतात. ‘तुम्ही उदास आहात काय?’ असे परकी प्रश्नावली विचारते. गावातील बाई ‘नाही’ म्हणते; आणि थोड्या वेळाने सांगते की जेवण गोड लागत नाही, डोके जड राहते, जीव घाबरा होतो. प्रश्न कोणत्या शब्दांत विचारावा, हे तिच्या गावच्या विद्यार्थ्यास कळते. त्या जाणिवेस पद्धतीची जोड मिळाली म्हणजे जे ज्ञान हाती येते, त्याची गरज पेडण्यास आहे आणि डिचोलीसही आहे.