पास क्लासनंतर नर्सिंग

प्रवेशाचे दिवस आले की पालक माझ्यासमोर मुलीची पदवीची गुणपत्रिका ठेवतात आणि आवाज खाली आणून विचारतात, ‘‘मॅडम, बी.एस्सी.ला ४२च टक्के पडलेत. नर्सिंगला घेतील का हिला?’’ मी ती गुणपत्रिका बाजूला ठेवते आणि बारावीची मागते. आपल्याकडे नर्सिंगचा मूळ प्रवेश बारावीवर होतो. पदवीला पास क्लास मिळाला, एखादं वर्ष गेलं, पदवी अर्धवट सुटली, तरी हा दरवाजा उघडाच असतो. एवढी साधी गोष्ट माहीत नसल्यामुळे किती मुली घरी बसून राहतात, याचं मला फार वाईट वाटतं.

मी स्वतः बी.ए. पास क्लासमध्ये झाले आणि मग जीएनएम या नर्सिंगच्या पदविकेला आले. पुढे वॉर्डात अधिपरिचारिका म्हणून काम केलं, पोस्ट बेसिक केलं, एम.एस्सी. केलं आणि आता शिकवते. त्यामुळे या वाटेवरचे खाचखळगे मला ठाऊक आहेत.

बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी आणि इंग्रजी असेल, विज्ञानाच्या विषयांत मिळून ४५ टक्के असतील (अनुसूचित जाती-जमातींसाठी ४०), तर चार वर्षांच्या बी.एस्सी. नर्सिंगचा विचार करता येतो. बारावी आर्ट्स किंवा कॉमर्सची असेल, तर तीन वर्षांचं जीएनएम. त्याला कोणतीही शाखा चालते. एकूण ४० टक्के आणि इंग्रजीतही ४० टक्के लागतात, वय १७ ते ३५. दोन वर्षांचं एएनएमही आहे, पण ते फक्त मुलींसाठी आणि मुख्यतः गावपातळीच्या आरोग्यसेवेसाठी. महाराष्ट्रात बी.एस्सी. नर्सिंगसाठी सीईटी द्यावी लागते.

माझा कल जीएनएमकडे आहे, तो उघडपणे सांगते. जीएनएम झालं की राज्याच्या नर्सिंग कौन्सिलकडे नोंदणी होते आणि पगार सुरू होतो. मग सवडीने दोन वर्षांचं पोस्ट बेसिक बी.एस्सी. करता येतं. एकूण पाच वर्षं लागतात, म्हणजे बी.एस्सी.पेक्षा एकच जास्त, पण शेत गहाण टाकून डोनेशन भरावं लागत नाही. ‘बी.एस्सी.च पाहिजे’ या हट्टापायी कर्जात गेलेली घरं मी पाहिली आहेत.

परदेशातल्या नातेवाइकांचे सल्ले मात्र जपून घ्या. माझी भाची न्यू जर्सीत आहे. अमेरिकेत पदवीधरांसाठी वर्ष-दीड वर्षाचे झटपट नर्सिंग अभ्यासक्रम आहेत, पण त्यांतले बरेच पदवीला चारपैकी तीनची सरासरी मागतात. भाचीची सरासरी तेवढी नव्हती. तिने ॲनाटॉमी, फिजिऑलॉजी, मायक्रोबायोलॉजी नव्याने शिकून कम्युनिटी कॉलेजचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम धरला. शेवटी दोन्ही वाटांनी आलेल्यांना परवान्यासाठी एकच परीक्षा द्यावी लागते, एनक्लेक्स-आरएन. तिथे पदवीचे गुण आड येतात, इथे येत नाहीत.

प्रवेश मिळाला म्हणजे पुढचं सोपं, असं कुणी समजू नये. पदवीला ३५-४० वर पास होण्याची सवय असते. इथे लेखीत ५० आणि प्रात्यक्षिकात वेगळे ५० लागतात. वॉर्डातली हजेरी शंभर टक्के भरल्याशिवाय प्रमाणपत्र हातात पडत नाही. शिक्षण इंग्रजीतून. पहिल्याच वर्षी हाडांची नावं, जंतू, मानसशास्त्र, पोषण आणि त्याच आठवड्यात बेडपॅन देणं, स्पंज बाथ, पाठीला जखम होऊ नये म्हणून रुग्णाला कूस बदलून देणं. गणित थोडंच, पण चुकून चालत नाही. ५०० मिली सलाईन चार तासांत द्यायचं आहे, सेट २० थेंबांना एक मिलीचा आहे, तर मिनिटाला किती थेंब? साधारण ४२. हे रात्री तीन वाजता, शेजारच्या खाटेवरचं बाळ रडत असताना काढता आलं पाहिजे.

म्हणून मी मुलींना विचारते, गुण कमी का पडले? घरचं आजारपण, रोजचा एसटीचा प्रवास, न आवडणारा विषय, ही कारणं असतील तर मी निर्धास्त असते. पाठांतरच जमत नाही, नियमित बसणंच होत नाही, असं असेल तर आधी तेवढं सुधारायला सांगते. आमच्याकडे एक मुलगी बी.कॉम. पास क्लास होऊन आली होती. पदवीच्या काळात ती गावच्या दूध संस्थेत माप लिहायची. पहिली टर्म तिला जड गेली. पण दुसऱ्या वर्षी सर्जिकल वॉर्डात ऑपरेशन झालेल्या एका बाईंच्या लघवीच्या पिशवीतला आकडा दोन तास जवळपास हललेला नाही, हे तिला दिसलं. मोठ्या माणसाला तासाला निदान ३० मिलीच्या आसपास लघवी व्हायला हवी. तिने लगेच परिसेविकांना सांगितलं आणि डॉक्टर वेळेत आले. अशी नजर पदवीच्या गुणपत्रिकेत कुठे दिसणार?

पुढे गुण पुन्हा मोजले जातात, पण ते नर्सिंगचे. एम.एस्सी.ला नर्सिंगच्या पदवीत ५५ टक्के आणि वर्षभराचा अनुभव लागतो. ‘एम्स’च्या नॉर्सेट या नर्सिंग भरतीच्या परीक्षेला जीएनएमवाल्यांनाही बसता येतं, मात्र ५० खाटांच्या रुग्णालयात दोन वर्षं काम केलेलं हवं.

एका गोष्टीचा मात्र मला संताप येतो. ‘सहा महिन्यांत नर्स व्हा’ असे फलक लावून काही लोक नेमकं या खचलेल्या मुलांनाच गाठतात. त्या प्रमाणपत्रावर कौन्सिलची नोंदणी होत नाही आणि नोंदणीशिवाय कायद्याने कुणी नर्स होत नाही. पैसे भरण्याआधी संस्थेचं नाव भारतीय परिचर्या परिषदेच्या आणि महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलच्या यादीत स्वतः शोधा. यादीत नाव नसेल, तर फी कितीही कमी सांगितली तरी तिथून परत या.