निवाडा कलाकृतीचा की माणसाचा?

यवतमाळ जिल्हा बाहेर ओळखला जातो तो कापसामुळे आणि शेतकरी आत्महत्यांमुळे. कलेचा कस कसा लावायचा, हा प्रश्नही याच जिल्ह्याने मराठी समाजापुढे पुन्हा पुन्हा ठेवला आहे. त्याची दखल मात्र थोडीच घेतली गेली.

सर्वांत ठळक प्रसंग ११ ते १३ जानेवारी २०१९चा, यवतमाळच्या ९२व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचा. १९७३ साली इथेच ग. दि. माडगूळकर अध्यक्ष होते. २०१९ला मात्र अध्यक्ष ठरवण्याची रीतच बदलली. मोजक्या मतदारांची निवडणूक बंद झाली आणि अरुणा ढेरे एकमताने अध्यक्ष झाल्या. मतांच्या बेरजेवर साहित्यिकाची उंची ठरत नाही, हे संमेलन भरवणाऱ्या साहित्य महामंडळाने मान्य केले, ही मोठीच गोष्ट. पण त्याच संमेलनात उद्घाटक लेखिका नयनतारा सहगल यांना दिलेले निमंत्रण मागे घेतले गेले आणि महामंडळाचे अध्यक्ष श्रीपाद जोशी यांनी राजीनामा दिला. लेखिकेचे म्हणणे ऐकण्याआधीच तिच्याविषयीचा निकाल लागला होता.

उद्घाटन केले कळंब तालुक्यातील राजूरच्या वैशाली येडे यांनी. आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याची पत्नी म्हणून त्यांचा परिचय सर्वत्र छापून आला. श्याम पेठकर लिखित, हरीश इथापे दिग्दर्शित ‘तेरवं’ नाटकात त्या भूमिका करत होत्या, हे त्या परिचयात ओझरते आले. त्यांचा आवाज, रंगमंचावरचा वावर, संवादांतले थांबे यांवर किती जणांनी लिहिले? आपण त्यांच्या दुःखाला मान दिला, कलेची पारख करायचे राहून गेले. सहानुभूती कितीही खरी असली, तरी ती रसग्रहणाची जागा घेऊ शकत नाही.

ऐकण्याच्या कलेचेही असेच होते. यवतमाळचे वकील आणि शिकारी भाऊसाहेब पाटणकर (१९०८–१९९७) यांनी उर्दूचा बाज मराठीत आणून मराठी शायरी रुजवली. शेराची पहिली ओळ पुन्हा म्हणून ऐकणाऱ्याला ताटकळत ठेवायचे आणि नेमक्या क्षणी कलाटणी द्यायची, हे त्या कलेचे मर्म. तो थांबा कागदावर उतरत नाही. मैफलीने त्यांना भरभरून दाद दिली, समीक्षेने त्या मानाने फार थोडे लिहिले. बोरी अरबचे शंकर बडे वऱ्हाडीत कविता म्हणत, ‘बॅरिस्टर गुलब्या’ हा एकपात्री प्रयोग करत. वऱ्हाडी बोली म्हणजे हशा, असे मनाशी धरून आलेल्या श्रोत्याला त्या बोलीतली कास्तकाराची सल उशिरा कळते, कधी कळतच नाही.

वणीचे लोकनायक बापूजी अणे यांचे १९६८ साली निधन झाले. त्यांच्या ‘श्रीतिलकयशोऽर्णवः’ या संस्कृत ग्रंथाला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला तो १९७३मध्ये. मैफलीची दाद क्षणात मिळते, संस्थेची मान्यता कधी मृत्यूनंतर. म्हणून एकाच तराजूवर विसंबणे धोक्याचे.

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ टेरेसा अमाबिले यांनी १९८२ साली सर्जनशीलता मोजण्याची एक साधी पद्धत मांडली. त्या क्षेत्रातल्या जाणकारांनी एकमेकांशी न बोलता, स्वतंत्रपणे कलाकृती पाहून गुण द्यायचे. असे निवाडे बऱ्याच अंशी जुळतात, हे त्यांच्या प्रयोगांत दिसले. पण जाणकार कोणाला म्हणायचे, हा प्रश्न उरतोच. वऱ्हाडी कवितेचा जाणकार पुण्यातला प्राध्यापक असू शकतो, तसाच पाटणबोरीच्या बाजारात ती ऐकून मान डोलावणारा शेतकरीही. दोघांनाही मत देता आले पाहिजे.

कलावंताचा स्वतःचा निवाडाही यात धरायला हवा. टाळ्या पडल्या तरी ओळ कच्ची राहिली, हे लिहिणाऱ्याला आधी कळते. पण सतत दुर्लक्ष वाट्याला आले, तर ही आतली पारखही डळमळते. समाजाची जबाबदारी सुरू होते ती इथे.

ती पार पाडायला मोठा निधी लागत नाही. जिल्ह्यातल्या महाविद्यालयांनी आणि वाचनालयांनी इथल्या शायरांचे, बोलीतल्या कवींचे, ‘तेरवं’सारख्या प्रयोगांचे ध्वनिमुद्रण करावे, जाणत्यांकडून त्यावर सविस्तर लिहून घ्यावे. त्या लिखाणात कलावंताची जात, पदवी, गाव आणि दुःख मागाहून यावे. काय केले आणि कसे केले, हे आधी.